मुदतीचा आहार आणि टिकणारे वजन : एका जुन्या गोंधळाची पार्श्वभूमी

१८६२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या विल्यम बॅंटिंग यांचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. अंत्यविधीची व्यवस्था पाहणे हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय. उंची पाच फूट पाच इंच आणि वय साठीच्या पुढे गेलेले. वाकून बुटांचे बंद बांधता येत नव्हते आणि जिना उतरताना पाठमोरे व्हावे लागत होते. व्यायाम, औषधी पाण्याची स्नाने, अर्धपोटी राहणे असे सारे उपाय करून थकल्यावर, ऐकू कमी येऊ लागले म्हणून ते कानाचे डॉक्टर विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वे यांनी त्यांच्या आहारातून पाव, दूध, साखर, बिअर आणि बटाटे काढून टाकले. साधारण वर्षभरात बॅंटिंग यांचे वजन ४६ पौंडांनी उतरले आणि १८६३ मध्ये त्यांनी आपला अनुभव एका लहानशा पुस्तिकेत मांडला. पुस्तिका इतकी गाजली की इंग्रजीत त्यांचे आडनावच ‘वजन उतरवण्यासाठी आहार पाळणे’ या अर्थाचे क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत त्यावरून तयार झालेला ‘बांता’ हा शब्द आजही त्याच अर्थाने वापरात आहे.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. बॅंटिंग यांनी तो आहार ठरावीक आठवड्यांसाठी घेतला नव्हता. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्त्यांत ते आपले वजन कसे आहे हे कळवत राहिले आणि १८७८ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत त्यांचा जुना लठ्ठपणा परतला नाही. ज्यांच्या नावाने पुढे ‘थोडे दिवस आहार करणे’ रूढ झाले, त्यांनी स्वतः राहणीच बदलली होती.

राहणी हा अर्थ खरे तर ‘डाएट’ या शब्दाच्या मुळाशीच आहे. तो ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्या ‘दिआइता’चा अर्थ जगण्याची रीत असा होता आणि त्यात अन्नाबरोबर झोप, श्रम व स्नानही येत असे. आपल्याकडचा ‘पथ्य’ हा शब्दही ‘वाटेला धरून असलेले’ अशाच अर्थाचा आहे. सोळाव्या शतकात पादुआ येथे राहणारे लुइजी कॉर्नारो यांनी मिताहारावर लिहिले, तेव्हा रोज बारा औंस अन्न आणि चौदा औंस मद्य हा त्यांचा नेम अनेक दशकांचा होता. आहाराला शेवटची तारीख असते ही कल्पना तुलनेने नवी आहे, आणि ती कशी आली हे पाहिल्याशिवाय मुदतीचा आहार संपला तरी उतरलेले वजन आपोआप टिकेल, हा आजचा गोंधळ उलगडत नाही.

तिची पूर्वतयारी मोजमापाने केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर अॅटवॉटर यांनी अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात माणूस आत राहू शकेल एवढा उष्मामापक कक्ष उभारला आणि अन्नातून मिळणारी व शरीर खर्च करीत असलेली ऊर्जा मोजली. प्रथिने व कर्बोदके यांपासून प्रतिग्रॅम चार आणि मेदापासून नऊ कॅलरी हे आजही वापरले जाणारे आकडे त्याच कामातून आले. १९१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी ही प्रयोगशाळेतली भाषा सामान्य वाचकांपर्यंत नेली. कॅलरी मोजून वजन उतरवण्याचे त्यांचे पुस्तक प्रचंड खपले. हे मोजणे जन्मभर चालू ठेवावे लागेल, असे त्यांनी वाचकांना स्पष्ट सांगितले होते. पण आकडे एकदा लोकांच्या हाती आले की त्यांच्याभोवती मुदत आखणे सोपे होते. १९२०-३० च्या दशकांच्या सांध्यावर अमेरिकेत अठरा दिवसांचा ‘हॉलिवूड आहार’ पसरला. त्यात ग्रेपफ्रूटवर भर होता आणि दिवसाचे अन्न ६०० कॅलरींच्या आसपास येत असे. एकोणिसाव्या दिवशी काय करायचे, हा प्रश्न त्या योजनेच्या कक्षेतच नव्हता.

त्याच काळातील डायनायट्रोफेनॉलचे प्रकरण घाईची किंमत किती जबर असते ते दाखवते. शरीरातील ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवणारे हे रसायन १९३३ पासून वजन उतरवण्यासाठी दिले जाऊ लागले. काही रुग्णांना मोतीबिंदू झाला, काही शरीराचे तापमान अनावर वाढून दगावले, आणि १९३८ चा नवा अमेरिकी अन्न व औषध कायदा आल्यावर ते या वापरातून हटवले गेले.

सर्वात मोलाचे ज्ञान मात्र वजन उतरवू पाहणाऱ्यांकडून आले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हा प्रश्न उभा होता. त्यासाठी अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण तत्त्व म्हणून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले होते आणि स्वेच्छेने प्रयोगात आले होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सरासरी सुमारे १,५७० कॅलरी देण्यात आल्या. आज हा आकडा अनेक आहारतक्त्यांत उदार वाटेल. भरपूर चालणे आणि काम करणे चालू असलेल्या त्या सडपातळ तरुणांना मात्र तो फारच अपुरा होता. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर खर्च करीत असलेली ऊर्जा सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरली, म्हणजे केवळ वजन कमी झाले म्हणून व्हावी त्यापेक्षाही अधिक. सतत थंडी वाजणे, चिडचिड, उदासी सुरू झाली. पूर्वी स्वयंपाकात रस नसलेले तरुण पाककृती जमवू लागले आणि ताटातला घास तासन्तास पुरवू लागले. त्याहून महत्त्वाचे घडले ते उपासमार संपल्यावर. मनसोक्त खायला मिळू लागले तरी कित्येकांची भूक भागेना. पोट भरलेले असतानाही खावेसे वाटत राहिले. वजन परतले तेव्हा मेद स्नायूंच्या आधी परतला आणि काही काळ मूळ पातळीच्याही वर गेला.

या तरुणांत इच्छाशक्तीची उणीव नव्हती. युद्धग्रस्तांच्या उपयोगी पडावे म्हणून त्यांनी सहा महिने उपाशी राहणे पत्करले होते. आहार सुटल्यावर वजन परत आले म्हणून स्वतःला दुबळे समजणाऱ्या प्रत्येक माणसाला हा प्रयोग सांगितला गेला असता, तर कितीतरी लाज आणि दुःख टळले असते. १९५० मध्ये तो दोन जाड खंडांत प्रसिद्ध झाला, पण वजन उतरवण्याच्या दैनंदिन सल्ल्यात त्याचा धडा फार उशिरा उतरला.

दुसरा धडा १९५९ मध्ये मिळाला. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाच्या पोषण विभागात लठ्ठपणासाठी आलेल्या शंभर रुग्णांचा माग अल्बर्ट स्टंकार्ड आणि मेव्हिस मॅक्लॅरेन-ह्यूम यांनी ठेवला. वीस पौंडांहून अधिक वजन उतरवू शकलेले रुग्ण अवघे बारा होते. दोन वर्षांनी ती घट टिकवून असलेले फक्त दोन उरले. या आकड्यांमुळे पुढे कित्येक वर्षे ‘पंचाण्णव टक्के लोक अपयशी ठरतात’ असे सर्रास म्हटले जाऊ लागले. पण त्या रुग्णांना आहाराचा कागद देण्यापलीकडे फारसा पाठपुरावा मिळत नव्हता. तेव्हा या आकड्यांतून कागदाचे अपयश जितके सिद्ध होते, तितके माणसांचे होत नाही.

याच सुमारास एक सोपा हिशेबही रूढ झाला. १९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी एक पौंड वजनाची किंमत साडेतीन हजार कॅलरी ठरवली. रोज पाचशे कॅलरी कमी खा, आठवड्याला एक पौंड उतरेल, हे गणित त्यातून निघाले. ते सुरुवातीच्या आठवड्यांत बरेचसे जुळते. पुढे नाही, कारण वजन उतरत जाते तसा शरीराचा खर्चही घटतो आणि उतार हळूहळू सपाट होतो. २०११ मध्ये केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी हा सपाट होणारा उतार गणिताने मांडला. त्यांच्या अंदाजानुसार आहारातील कायमच्या बदलाचा निम्मा परिणाम दिसायलाच साधारण एक वर्ष लागते आणि जवळजवळ पूर्ण परिणामाला तीन वर्षे. सरळ रेषेच्या आशेने आहार सुरू केलेल्यांना मधला सपाट टप्पा स्वतःची चूक वाटतो, आणि आहार बहुधा तिथेच सुटतो.

जलद उपायांची चढाओढ चालूच राहिली. साठच्या दशकात रुग्णालयांत दीर्घ निरंकार उपवास करवले गेले. सत्तरच्या दशकात कोलॅजनपासून बनवलेल्या निकृष्ट द्रव प्रथिनांवर लोक महिनोन् महिने राहिले आणि अमेरिकेत सुमारे साठ मृत्यूंची नोंद झाली. अनेकांत कारण हृदयाची बिघडलेली लय हे होते. १९८८ मध्ये ऑप्रा विन्फ्री यांनी द्रव आहारावर ६७ पौंड उतरवल्याचे दूरचित्रवाणीवर दाखवले, आणि ते वजन परत आल्याचेही पुढे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. वजन उतरणे आणि पुन्हा चढणे या चक्रासाठी ‘यो-यो’ हा शब्द याच दशकात रूढ झाला.

वजन परत का येते याची शारीरिक कारणे नव्वदच्या दशकापासून उलगडू लागली. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने रॉकफेलर विद्यापीठात लेप्टिन शोधले. मेदपेशींत तयार होणारे हे संप्रेरक शरीरात साठा किती आहे याची खबर मेंदूला देते. साठा घटला की लेप्टिन घटते आणि भूक वाढते. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठात रुडॉल्फ लाइबेल व सहकाऱ्यांनी दाखवले की दहा टक्के वजन उतरलेल्या माणसाचा ऊर्जाव्यय, नव्या शरीराच्या मानाने जितका हवा त्याहूनही खाली जातो. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अत्यल्प कॅलरींचा आहार दिला आणि सरासरी साडेतेरा किलो वजन उतरले. सुरुवातीपासून बासष्ट आठवडे झाल्यावर पाहिले, तेव्हाही भूक वाढवणारी आणि तृप्ती घटवणारी संप्रेरके पूर्वपदाला आली नव्हती. आहार दहा आठवड्यांत संपला होता. शरीराचा प्रतिसाद वर्षभरानंतरही चालूच होता.

यावरून ‘सावकाश उतरवलेले वजनच टिकते’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला आणि तो आजही सल्ल्यांत ठामपणे सांगितला जातो. मलाही तो बराच काळ पटत असे, कारण तो समंजस वाटतो. परंतु २०१४ मध्ये मेलबर्नमध्येच झालेल्या चाचणीने त्याला आधार दिला नाही. दोनशे लोकांपैकी निम्म्यांनी बारा आठवड्यांत आणि निम्म्यांनी छत्तीस आठवड्यांत वजन उतरवायचे होते. साडेबारा टक्क्यांचे उद्दिष्ट जलद गटातील ८१ टक्क्यांनी गाठले, सावकाश गटातील ५० टक्क्यांनी. ज्यांनी ते गाठले, त्यांना पुढे जवळपास तीन वर्षे पाहिले असता दोन्ही गटांत उतरलेल्या वजनापैकी सुमारे ७१ टक्के परत आले. मुद्दा वेगाचा नव्हता. घाईच्या आहारात स्नायू आणि पित्ताशय यांना असलेले धोके खरेच आहेत व तो वैद्यकीय देखरेखीशिवाय करू नये, पण वजन परत येण्याचा दोष वेगावर टाकता येत नाही. उतरवणे आणि टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले कसेही केले तरी दुसरे उरतेच.

त्या दुसऱ्या कामाकडे पद्धतशीर पाहणे १९९४ मध्ये सुरू झाले. रेना विंग आणि जेम्स हिल यांनी अमेरिकेत एक नोंदवही उघडली. किमान तीस पौंड उतरवून ते वर्षभर राखलेल्यांनाच तिच्यात प्रवेश होता. हजारो लोक नोंदले गेले. त्यांनी वजन उतरवण्याच्या वाटा निरनिराळ्या होत्या. टिकवण्याच्या सवयींत मात्र बरेच साम्य होते. रोज साधारण तासभर हालचाल, आठवड्यातून निदान एकदा वजन पाहणे, आणि सुटीच्या दिवशीही आहार फारसा न बदलणे. ही माणसे स्वतःहून पुढे आलेली असल्याने या सवयींमुळेच वजन टिकले असे म्हणता येत नाही. तरीही अशी माणसे आहेत, आणि अपवादाइतकी थोडी नाहीत, हे कळणे महत्त्वाचे होते. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘लुक अहेड’ या चाचणीत पाच हजारांहून अधिक मधुमेही सहभागी झाले. सघन मार्गदर्शन मिळालेल्या गटाचे वजन पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्क्यांनी उतरले आणि साडेनऊ वर्षांच्या सुमारासही ६ टक्के घट शिल्लक होती. तिथे मार्गदर्शन थांबवले गेले नव्हते, हा फरक १९५९ च्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावा.

भूक शमवणारी नवी इंजेक्शने आली तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर आला. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परतले. कोपनहेगनमध्ये झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीची आखणी मात्र उलट्या टोकाने केलेली होती. आठ आठवडे दिवसाला सुमारे ८०० कॅलरींच्या आहारावर वजन सरासरी १३ किलोंनी उतरवणे ही तिथे केवळ पूर्वतयारी होती. १९५ जणांची गटवारी त्यानंतर झाली आणि खरा प्रयोग तिथून सुरू झाला. पुढच्या वर्षात निष्क्रिय औषध मिळालेल्यांचे वजन सुमारे सहा किलोंनी वाढले, फक्त व्यायाम करणाऱ्यांचे दोन किलोंनी. लिराग्लुटाइड हे याच प्रकारचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे जवळपास स्थिर राहिले आणि दोन्ही करणाऱ्यांचे आणखी उतरले. सारे उपचार थांबवून आणखी एक वर्ष गेल्यावर त्याच लोकांना पुन्हा तपासले, तेव्हा औषधाबरोबर व्यायामही केलेल्यांनी केवळ औषध घेतलेल्यांपेक्षा उतरलेले वजन अधिक राखले होते.