परदेशी अजगर पाळण्यासाठी नोंदणी: कोणता साप चालतो, कागदपत्रं कोणती, अर्ज कुठे

घरी अजगर पाळता येतो का, याचं उत्तर अजगर कोणता यावर ठरतं. उसाच्या फडात, ओढ्याकाठी सापडणारा आपला भारतीय अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघही त्याच अनुसूचीत. तो पाळण्यासाठी कसलाही परवाना मिळत नाही, कुणाची ओळख असली तरी नाही. ताब्यात सापडला तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. ईशान्येकडचा बर्मी अजगर आणि निकोबारातला जाळीदार अजगर भारतातलेच, त्यामुळे तेही पहिल्याच अनुसूचीत. ‘मोठाच हवा’ म्हणणाऱ्यांच्या डोक्यातली नावं बहुधा हीच असतात. ती इथेच बाद झाली.

उरतात बाहेरच्या देशांतले अजगर. बजेट बेताचं असेल तर माझं मत सरळ बॉल पायथनला. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. मादी साधारण चार ते पाच फूट, नर त्याहून लहान. अंगाने जाडजूड, स्वभावाने शांत. घाबरला की डोकं आत घेऊन वेटोळं करतो. याहून लांब हवा तर ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा कार्पेट पायथन सहा-सात फुटांपर्यंत जातो, पण त्याची पेटी, खाणं आणि हाताळणी सगळंच वाढतं.

आता कायदा. धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. जगातले सगळे पायथन त्याच्या परिशिष्टांत येतात. बॉल आणि कार्पेट दोन्ही दुसऱ्या परिशिष्टात. २०२२ च्या दुरुस्तीने ही परिशिष्टं आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. कलम ४९-एम सांगतं की अशा प्रजातीचा जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याची माहिती देऊन नोंदणी केली पाहिजे. ती कशी करायची याचे नियम फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस आले. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिने दिले होते, ती मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. आता नवा प्राणी घेतला की ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत अर्ज.

इथे विक्रेते एक जुनी पुडी सोडतात: ‘घ्या हो, नंतर जाहीर करून टाका, कागद लागत नाही.’ ही गोष्ट २०२० च्या स्वेच्छा-घोषणा योजनेची. त्या वेळी ठरलेल्या मुदतीत जाहीर केलेल्या परदेशी प्राण्यांसाठी जुने कागद मागितले नव्हते. ती खिडकी केव्हाच बंद झाली.

पात्रतेबद्दल बरेच जण विचारतात: शिक्षण लागतं का, अनुभवाचा दाखला लागतो का? खरं पाहता इथे पात्रता माणसाची कमी आणि सापाची जास्त तपासली जाते. साप कायदेशीर मार्गाने आला का, हा मुख्य प्रश्न. त्याची उत्तरं दोनच असू शकतात. एक, तो रीतसर आयात झाला: साइट्सचा परवाना, विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना, पशु संगरोध केंद्राची मंजुरी. एका सापासाठी हा खटाटोप सामान्य माणसाच्या खिशाबाहेरचा आहे. दुसरं, तो भारतातच, आधीच नोंदणी असलेल्या जोडीपासून जन्मला. तुमच्या-आमच्या कामाचा रस्ता हाच.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या नावाचं नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि ते सापाशेजारी धरून वाचा. शास्त्रीय नाव ‘पायथन रेगियस’ असलं पाहिजे. लिंग, वय, ओळखखूण जुळतात का पाहा. मायक्रोचिप असेल तर रीडर लावून नंबर डोळ्यांसमोर तपासा. मग साप बघा. बॉल पायथनच्या कुशीवर फिकट, गोलसर ठिपके असतात आणि त्यांच्या आत पुष्कळदा एक-दोन काळे टिपके. आपल्या अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण दिसते आणि पाठीवरचे डाग चौकोनी, वेडेवाकडे असतात. अजगराचं पिल्लू ‘बॉल’ म्हणून स्वस्तात गळ्यात मारलं, तर घेणाराच पहिल्या अनुसूचीच्या गुन्ह्यात अडकतो.

स्वस्त माल येतो कुठून, तेही लक्षात असू द्या. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले होते.

अर्ज ऑनलाइन, केंद्राच्या ‘परिवेश २.०’ पोर्टलवर. तो जातो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. महाराष्ट्रात हे पद नागपूरला बसणाऱ्या प्रधान मुख्य वनसंरक्षकांकडे (वन्यजीव) असतं. शुल्क १,००० रुपये, परत न मिळणारं. हाताशी ठेवायचे कागद: ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, विक्रेत्याच्या प्रमाणपत्राची प्रत, खरेदीची पावती किंवा हस्तांतराचा कागद, सापाचे स्पष्ट फोटो (डोकं वरून, दोन्ही कुशी), प्रजाती-लिंग-वय यांचा तपशील आणि साप कुठे ठेवणार ती जागा. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच टाका. वन विभागाचा माणूस पाहणीला आला तर पेटी तयार दिसली पाहिजे. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला आधीच सांगून टाका. अर्जात त्याची संमती मागोत न मागोत, पाहणीच्या दिवशी दारात गणवेश दिसला की प्रश्न विचारणारा तोच असतो.

खर्चाचं गणित लोक उलटं करतात. सापाच्या किमतीवर घासाघीस करतात आणि पेटीचा विचार शेवटी. मोठ्या मादीला साधारण चार बाय दोन फुटांची, घट्ट कुलूप लागणारी पेटी लागते. उबदार बाजूला ३१-३३ अंश, थंड बाजूला २५ च्या आसपास. हीटिंग मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावूच नका, पोट भाजतं. कोकणात वर्षातला बराच काळ उष्णता विकत घ्यावी लागत नाही, पण पेटीत हवा खेळती हवी. नागपूर-चंद्रपूरकडे उलटा त्रास: मे महिन्यात साप गार ठेवण्यासाठीच वीज जळेल. खाणं त्या मानाने स्वस्त, मोठ्या सापाला दहा-पंधरा दिवसांतून एखादा उंदीर. मात्र तो पैदास केंद्रातला घ्यावा. गल्लीतल्या उंदराच्या पोटात विष असू शकतं. काटकसर करायचीच तर साध्या रंगाचा साप घ्या. रंगीबेरंगी ‘मॉर्फ’ना भाव रंगाचा असतो, तब्येतीचा नाही. आणि हा प्राणी वीस-तीस वर्षं जगतो. विशीत घेतलात तर पोरं कॉलेजात जातील तेव्हाही तो पेटीत असेल.

प्रमाणपत्र आलं म्हणजे काम संपलं असं नाही. साप दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, निसटला किंवा मेला, तर प्रत्येक वेळी त्याच पोर्टलवर कळवावं लागतं. मेला तर परस्पर पुरू नका. पशुवैद्यकाकडून तपासणीचा कागद घ्या. सांभाळणं जमेना तर नोंदणी असलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्याच्या नावे हस्तांतर करा किंवा वन विभागाशी बोला. रानात सोडणं मात्र अजिबात नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव बर्मी अजगर असेच मोकळे झाले आणि तिथले ससे-रॅकून दिसेनासे झाले. साप पेटीतून निसटल्याचं लक्षात आलं, तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला लगेच फोन करा आणि बोलताना प्रमाणपत्राचा नंबर हाताशी ठेवा.