दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि अनुदानाचा अर्ज : कोणत्या टप्प्यावर कोणाची मदत घ्यावी

महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तीला निवृत्तिवेतन, प्रवास सवलत, शिष्यवृत्ती किंवा नोकरीतील आरक्षण, यांपैकी काहीही मिळवायचे असेल तर आधी दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागते आणि त्यानंतर प्रत्येक योजनेचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. या दोन कामांना लागणारी मदत वेगवेगळी आहे. हे लक्षात न घेतल्यामुळे अनेक कुटुंबे एकाच मध्यस्थाला सगळ्याचे पैसे देऊन बसतात आणि ज्या टप्प्यावर खरोखर जाणकार माणूस हवा असतो, तिथे नेमकी एकटी पडतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन्स, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश नव्या कायद्याने केला, तरीही हे आजार असलेल्या अनेकांना आपण अर्ज करू शकतो हे कोणी सांगितलेलेच नसते. आरक्षणासह बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक आहे.

प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा असतो. मंजुरीनंतर त्याच नोंदणीवरून यूडीआयडी, म्हणजे वैश्विक ओळखपत्र मिळते. या अर्जाला शासकीय शुल्क नाही. आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, अलीकडचे छायाचित्र आणि उपचारांची कागदपत्रे एवढ्यावर अर्ज भरता येतो. घरात कोणाला मोबाइल नीट हाताळता येत असेल तर या टप्प्यावर व्यावसायिक मदतीची गरज नाही. नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात फॉर्म भरून घ्यावा, मात्र त्या केंद्राला द्यायचा मोबदला केवळ फॉर्म भरण्याचा आहे, प्रमाणपत्र मिळवून देण्याचा नाही, हे पक्के ठरवूनच जावे. नोंदणी करताना मोबाइल क्रमांक आपलाच द्यावा. केंद्रचालकाचा क्रमांक दिला गेला तर पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात आणि तपासणीची तारीख आपल्याला कळतसुद्धा नाही. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्राचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, पण अर्जदार दोन वर्षे तपासणीलाच गेला नाही तर अर्ज रद्द होतो.

प्रत्यक्ष मूल्यमापन शासनाने प्राधिकृत केलेल्या रुग्णालयात, सामान्यतः जिल्हा रुग्णालयात, तज्ज्ञ डॉक्टर किंवा वैद्यकीय मंडळ करते. टक्केवारी ठरवण्याचा अधिकार फक्त त्यांचा आहे. वकील, समाजसेवक, केंद्रचालक किंवा लोकप्रतिनिधी यांपैकी कोणीही ती वाढवून देऊ शकत नाही. ‘टक्के वाढवून देतो’ असे म्हणणाऱ्यापासून दूरच राहावे, कारण अधिनियमाच्या कलम ९१ नुसार फसवणुकीने लाभ घेणाऱ्याला किंवा तसा प्रयत्न करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मध्यस्थ बाजूला होतो आणि प्रमाणपत्रावर नाव अर्जदाराचे राहते.

मग इथे उपयोगाचा माणूस कोण? माझ्या मते, ज्यांच्याकडे आजवर उपचार चालू आहेत ते डॉक्टर. मंडळासमोर मिळणारा वेळ थोडा असतो आणि आजाराचा पूर्ण इतिहास तेवढ्यात सांगून होत नाही. त्यामुळे निदान कधी झाले, कोणते उपचार झाले, आज रुग्णाला कपडे घालणे, जिना चढणे, स्वच्छतागृहात जाणे, पैसे मोजणे यांपैकी काय जमते आणि काय जमत नाही, असे एक-दोन पानांचे टिपण त्यांच्याकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावे. मानसिक आजार आणि बौद्धिक दिव्यांगत्व यांत अशा टिपणाचे मोल विशेष आहे, कारण तपासणीच्या दिवशी रुग्ण शांत आणि व्यवस्थित दिसू शकतो आणि घरातली रोजची परिस्थिती डॉक्टरांच्या नजरेस येत नाही. अशा रुग्णाबरोबर त्याची दैनंदिन काळजी घेणारी व्यक्तीच गेली पाहिजे. ओळखीचा पुढारी नेऊन काही साधत नाही.

एकापेक्षा अधिक दिव्यांगत्वे असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, हेही आधीच समजून घ्यावे. मोठ्या टक्केवारीत लहान टक्केवारीचा ठरावीक सूत्राने काढलेला भाग मिळवतात. ४० आणि ३० टक्के असतील तर एकत्रित आकडा ७० नव्हे, साधारण ५७ येतो. हे ठाऊक नसल्यामुळे ‘डॉक्टरांनी टक्के कापले’ असा गैरसमज होतो आणि नको त्या माणसाकडे धाव घेतली जाते.

टक्केवारी खरोखरच चुकीची वाटत असेल तर कलम ५९ नुसार राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. कायद्याच्या जाणकाराची मदत घेण्याची पहिली खरी जागा ही आहे, आणि ती मदत विनामूल्य मिळते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहे आणि त्यासाठी तिला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज आणि दिव्यांगत्वाचा पुरावा द्यावा. लिहिता येत नसेल तर तिथले विधी स्वयंसेवक अर्ज लिहून देतात. १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते. प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाने आपल्याकडून फी मागता कामा नये, आणि मागितल्यास त्याच कार्यालयात तक्रार करावी. इतकी मोठी सोय कायद्यात असताना लोक कर्ज काढून सल्ला विकत घेतात, हे पाहून वाईट वाटते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर अनुदानाचा अर्ज येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या, १८ ते ६५ वयोगटातील आणि किमान १५ वर्षे महाराष्ट्रात राहणाऱ्या व्यक्तीला अर्ज करता येतो. दिव्यांग लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांचे दरमहा अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत जातो. त्यासोबत दिव्यांगत्व प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, शिधापत्रिका आणि बँक पासबुकाची प्रत जोडतात.

इथे प्रकरणे अडतात ती बहुधा नावांवरून. लग्नानंतर आधारवर सासरचे नाव, जुन्या केसपेपरवर माहेरचे नाव आणि पासबुकावर तिसरेच स्पेलिंग, असे असले की त्रुटी निघते आणि फाइल पडून राहते. अर्ज देण्याआधी सगळी कागदपत्रे एका टेबलावर मांडून नाव, जन्मतारीख आणि पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. पैसे थेट बँक खात्यात येत असल्यामुळे खाते आधारशी जोडलेले आहे ना, हेही बँकेत विचारून घ्यावे. प्रमाणपत्र ‘तात्पुरते’ असेल तर त्यावरील मुदत वहीत टिपून ठेवावी, कारण ती उलटली की अनुदान थांबू शकते.

मदत कोणाचीही घ्या, मूळ कागदपत्रे, एटीएम कार्ड आणि ओटीपी कोणाच्याही हाती देऊ नका आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा करू नका. प्रत्येक अर्जाची तारीख असलेली पोचपावती घ्या. अर्ज नामंजूर झाला तर तोंडी उत्तरावर परत न फिरता कारण लेखी मागा, कारण पुढे वकिलाला काम करायला तोच कागद लागतो. कार्यालय दादच देत नसेल तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तांनी केलेल्या शिफारशीवर काय कार्यवाही केली, हे संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवावे लागते.

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेले मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडिलांची सही आपोआप चालत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. या अर्जासाठी नोंदणीकृत संस्थेची मदत घ्यावी आणि तयारी सतराव्या वर्षीच सुरू करावी, म्हणजे बँक खाते आणि अनुदान यांचे काम मध्येच अडत नाही.