अमेरिकेतील संघीय तपास एजंटांची बडतर्फी व राजकीय प्रभाव

अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणांतील अधिकाऱ्यांना सेवेत ठेवताना किंवा काढताना सत्ताधाऱ्यांची मर्जी किती चालावी, हा त्या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेला वाद आहे. त्याचा केंद्रबिंदू म्हणजे न्याय विभागाच्या अखत्यारीतील फेडरल ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन, अर्थात एफबीआय. राज्यघटनेच्या कलम २ नुसार कार्यकारी सत्ता अध्यक्षाकडे असल्याने हाताखालच्या अधिकाऱ्याला दूर करण्याचा अधिकारही त्याचाच, असे एक पक्ष मानतो. ज्याच्या माणसांची चौकशी करायची त्याच्याच हाती चौकशी करणाऱ्याची नोकरी असू नये, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे. हा वाद कायद्याने पुरता मिटवलेला नाही; आजवर जे संरक्षण होते ते बव्हंशी संकेतांचे होते.

१८८१ मध्ये सरकारी पद न मिळाल्याने चिडलेल्या एका इसमाने अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर, १८८३ मध्ये, गुणवत्तेवर नोकरभरती करण्याचा पेंडलटन कायदा झाला. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या तपास ब्युरोत (पुढची एफबीआय) मात्र वशिल्याची भरती पुढेही चालूच राहिली. अध्यक्ष हार्डिंग यांच्या काळात ती इतकी बोकाळली, की पुढे १९२४ मध्ये, हार्डिंग यांनी नेमलेल्या ॲटर्नी जनरलच्या (न्याय विभागाच्या प्रमुखाच्या) कारभाराची चौकशी करणारे मोंटानाचे सिनेटर बर्टन व्हीलर यांच्याच मागे ब्युरोचे एजंट लावण्यात आले. मे १९२४ मध्ये नवे ॲटर्नी जनरल हार्लन स्टोन यांनी ब्युरोप्रमुख विल्यम बर्न्स यांना घरी पाठवले आणि २९ वर्षांच्या जे. एडगर हूवर यांच्याकडे सूत्रे दिली. भरती व बढती गुणांवरच होईल आणि राजकारण्यांची लुडबुड चालणार नाही, अशी तेव्हाची बोली होती.

हूवर यांनी बाहेरचा हस्तक्षेप थांबवला खरा, पण बाहेरच्या मर्जीची जागा त्यांच्या स्वतःच्या मर्जीने घेतली. मोंटाना राज्यातील ब्यूट या खाणींच्या गावचे कार्यालय खप्पामर्जी झालेल्यांचे ठिकाण म्हणून एजंटांमध्ये प्रसिद्ध होते. १९७० मध्ये न्यूयॉर्क कार्यालयातील एका एजंटाने महाविद्यालयीन अभ्यासक्रमाच्या निमित्ताने आपल्या प्राध्यापकांना पत्र लिहिले आणि त्यात संस्थेच्या कारभारावर टीका केली. पत्र टंकलेखनासाठी कार्यालयातच दिलेले असल्याने ते वरिष्ठांच्या हाती पडले. पत्नी आजारी असलेल्या त्या एजंटाची बदली ब्यूटला झाली. त्याने राजीनामा दिला, तर हूवर यांनी तो प्रतिकूल शेऱ्यासह स्वीकारला. सरकारी नोकरीत पुन्हा दारे बंद व्हावीत, एवढे वजन त्या शेऱ्याला होते. बदली ही शिक्षा नव्हे असे कागदोपत्री म्हणता येते, ही सोय भारतातील वाचकाला नव्याने सांगायला नको.

काढण्याइतकेच ठेवणेही राजकीय असते. हूवर १ जानेवारी १९६५ रोजी ७० वर्षांचे होऊन सक्तीने निवृत्त व्हायचे होते. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ मध्येच त्यांना त्या नियमातून सूट दिली. पुढे अध्यक्ष निक्सन यांनी त्यांना जाण्याविषयी सुचवण्यासाठी १९७१ मध्ये भेटीला बोलावले, परंतु तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. मे १९७२ मध्ये मृत्यू आला तेव्हाही हूवर पदावरच होते. त्यांच्या ४८ वर्षांच्या कारकिर्दीतील बेकायदा पाळत व हेरगिरी १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीपुढे उघड झाली. त्यामुळे राजकीय नियंत्रण नकोच, असे म्हणणाऱ्यांची बाजू या इतिहासाने काहीशी लंगडी केली आहे.

याच पार्श्वभूमीवर १९७६ च्या कायद्याने संचालकाची मुदत दहा वर्षांची, एकाच कार्यकाळाची ठरवली. उद्देश दुहेरी होता: दुसरा हूवर होऊ नये आणि चार वर्षांनी अध्यक्ष बदलला म्हणून संचालक बदलू नये. अध्यक्षाने संचालकाला केवळ सबळ कारणानेच काढावे, असे मात्र त्या कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. बिल क्लिंटन यांनी जुलै १९९३ मध्ये विल्यम सेशन्स यांना, तर डोनाल्ड ट्रम्प यांनी ९ मे २०१७ रोजी जेम्स कोमी यांना दूर केले. सेशन्स यांच्याविरुद्ध सरकारी साधनांच्या खासगी वापराचा अहवाल होता. कोमी यांच्या वेळी अध्यक्षांच्या प्रचारयंत्रणेचे रशियाशी संबंध होते का, याचा तपास चालू होता. कोमी तेव्हा लॉस एंजेलिस येथे कर्मचाऱ्यांपुढे बोलत होते. समोरच्या दूरचित्रवाणी संचावर स्वतःच्याच बडतर्फीची बातमी पाहून त्यांना आधी ती थट्टा वाटली. या कायद्यानंतर नेमलेल्या संचालकांपैकी दहा वर्षे पूर्ण करणारे एकटे रॉबर्ट म्युलर. त्यांना काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आणखी दोन वर्षे वाढवूनही दिली.

साध्या एजंटाची स्थिती याहून नाजूक आहे. बहुतेक संघीय कर्मचाऱ्यांना बडतर्फीविरुद्ध मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्ड या स्वतंत्र मंडळाकडे अपील करता येते. एफबीआयचे कर्मचारी ‘अपवादित सेवे’त मोडतात आणि काही माजी सैनिक वगळता त्यांना हा मार्ग उपलब्ध नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. त्या तक्रारींत मंडळाकडे जाण्याची वाट २०२२ च्या अखेरीस खुली झाली. बाकीच्यांना खात्यांतर्गत चौकशी आणि शेवटी न्यायालय एवढाच आधार.

उपसंचालक अँड्र्यू मॅकेब यांचे प्रकरण या संदर्भात वारंवार सांगितले जाते. पन्नाशी गाठून निवृत्तिवेतनास पात्र होण्यास जेमतेम एक दिवस उरलेला असताना, १६ मार्च २०१८ च्या शुक्रवारी रात्री त्यांना बडतर्फ करण्यात आले. न्याय विभागाची अंतर्गत तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांच्या चौकशीत त्यांनी पुरेशी प्रांजळ उत्तरे दिली नाहीत, हे कारण दाखवले गेले. तत्पूर्वी कित्येक महिने अध्यक्ष त्यांच्यावर जाहीर टीका करत होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये, दुसऱ्या पक्षाच्या प्रशासनात, सरकारने तडजोड केली. निवृत्तिवेतन परत मिळाले, बडतर्फीची नोंद पुसली गेली आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना निरोपाच्या वेळी द्यायची कफलिंक्सची जोडीही त्यांना देण्याचे ठरले.

२०२५ पासून हा प्रश्न शिखरावरून तळापर्यंत उतरला. ६ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प समर्थकांनी संसद भवनावर केलेल्या हल्ल्याच्या तपासात १,५०० हून अधिक लोकांवर खटले भरले गेले होते. जवळपास त्या सर्वांना ट्रम्प यांच्या नव्या प्रशासनाने पहिल्याच दिवशी माफी दिली. ३१ जानेवारीला न्याय विभागाने एफबीआयच्या काही वरिष्ठांना हटवण्याचा आदेश दिला आणि त्या तपासात काम केलेल्या प्रत्येकाची यादी मागवली. अटक केली का, न्यायालयात साक्ष दिली का, असे प्रश्न असलेला तक्ता कर्मचाऱ्यांना भरावा लागला. संस्थेने प्रथम सुमारे ५,००० जणांची माहिती दिली ती नावे वगळून, केवळ कर्मचारी क्रमांकांसह. एजंट आपली प्रकरणे स्वतः निवडत नाही, वरिष्ठ सोपवतील त्यावर काम करतो. त्यामुळे हा तक्ता भरणे म्हणजे मिळालेल्या हुकुमाचा जाब देणे होते. नावे जाहीर झाल्यास जिवाला धोका होईल, या भीतीने एजंटांनी न्यायालयात धाव घेतली आणि पूर्वसूचनेशिवाय यादी प्रसिद्ध न करण्याचे सरकारने मान्य केले. ऑगस्टमध्ये, यादी मागवली गेली त्या वेळी प्रभारी संचालक असलेले ब्रायन ड्रिस्कॉल यांनाही काढण्यात आले. त्यांनी व अन्य दोघांनी पुढच्याच महिन्यात दावा दाखल केला.

सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे वीस एजंटांना बडतर्फ करण्यात आले, त्याचे मूळ एका छायाचित्रात होते. जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर वॉशिंग्टनमध्ये उसळलेल्या निदर्शनांच्या वेळी हे एजंट बंदोबस्तावर होते. जमाव पांगवण्याचे प्रशिक्षण नसलेल्या या तुकडीतील काही जण निदर्शकांपुढे एका गुडघ्यावर बसले; ही वर्णद्वेषाच्या निषेधाची खूण मानली जाते. तणाव निवळावा म्हणून आपण तसे केले, असे त्यांचे म्हणणे. टीकाकारांना त्यात राजकीय पक्षपात दिसला. कामावरून काढले जाईपर्यंत त्या घटनेला पाच वर्षे उलटून गेली होती.