जुना बुश देऊन ‘अगदी असाच ओतून द्या’ म्हणण्याआधी

(चरक, पंप आणि हळद पॉलिश ड्रमचे सुटे भाग ओतून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी. कुपवाड एमआयडीसी, सांगली)

गुऱ्हाळं सुरू झाली की एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. ओतून नेलेला बुश (शाफ्टभोवती बसणारी धातूची नळी) लेथवर चढवला आणि टर्निंगला, म्हणजे कापून मापात आणायला, मालच उरला नाही, किंवा घरात (बुश ज्या भोकात बसतो त्यात) बसवला तर खुळखुळतोय. किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर पाहिलेल्या या जिल्ह्यात ओतकाम म्हणजे काय हे सांगत बसण्याची गरज नाही. पण मापाचा हा घोळ कुठे होतो ते एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

घोळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो: जुना, झिजलेला भागच पॅटर्न म्हणून, म्हणजे साचा उठवायचा नमुना म्हणून, रेतीत दाबायला देणं.

ओतलेला धातू थंड होताना आकसतो. बीड (ओतीव लोखंड) मीटरमागे साधारण 10 मिमी, ॲल्युमिनियम 13 मिमी, गनमेटल (तांब्याचा मिश्रधातू) 15 मिमी. ही काही आमच्या भट्टीची खोड नाही, कुणीही ओतलं तरी हे होणारच. म्हणून पॅटर्न करणारा मिस्त्री साधी पट्टी वापरत नाही. त्याच्याकडे धातूप्रमाणे वेगळी, मुद्दाम लांब आखलेली पट्टी असते. जुन्या भागाला कुठली आलीय ही वाढ!

एक उदाहरण घेऊ. चरकाचा गनमेटल बुश, मूळ माप बाहेरून 80, आतून 60, लांबी 100 मिमी. वापरून बाहेरून 79 झालाय, बोअर 61 झालाय. तोच रेतीत दाबला तर ओतलेला बुश बाहेरून 77.8 येईल. त्यावरून लेथवर प्रत्येक बाजूला 2 मिमी काढले की राहिले 73.8. घर मात्र 80 चं. आता याला पत्रा गुंडाळून बसवणारेही आहेत, पण तो किती दिवस टिकणार?

बरोबर पॅटर्न असा निघतो: 80 मध्ये टर्निंगचे 4 मिळवले, 84 झाले, त्यावर दीड टक्का आकस धरली की 85.3. लांबीही तशीच, 105.6. बोअरसाठी उलटं, 60 मधून 4 वजा, म्हणजे 56, आणि त्यावर तीच आकस धरून कोअर (भोकासाठी साच्यात ठेवायचा रेतीचा गाभा) 56.8. इथे अनेकांची गल्लत होते. धातू आकसला की भोक मोठं होईल असं वाटतं. तसं होत नाही. अख्खा तुकडा लहान होतो, त्यात भोकही लहान होतं.

‘पण मागे तुम्हीच जुन्यावरून कॉकचा नॉब करून दिला होता, तो बरोबर आला,’ असं कुणी म्हटलं तर तेही खरं आहे. पॅटर्न रेतीतून काढताना ठोकून सैल करतात, त्यामुळे साचा किंचित मोठा होतो. 30-40 मिमीच्या लहान कामात आकस त्यातच जवळपास भरून निघते. 80 च्या बुशाला तो हिशेब लागू पडत नाही.

पंपाच्या इंपेलरला (पाणी फेकणाऱ्या चाकाला) तर अजिबातच नाही. 200 मिमीचा गनमेटल इंपेलर जुन्यावरून ओतला तर 197 येतो, टर्निंगनंतर 193. पाणी किती उंच चढणार हे व्यासाच्या वर्गावर ठरतं, त्यामुळे 30 मीटर चढवणारा पंप तेवढ्याच स्पीडला 28 मीटरवर येतो. मग मोटर तपासली जाते, फूटव्हॉल्व्ह बदलला जातो, आणि दोष राहतो इंपेलरमध्येच.

माल हातात आल्यावर कमी वाटला तर लेथवर चढवण्याआधी व्हर्नियर लावा. व्यास दोन्ही टोकांना आणि मध्ये, शिवाय लांबी. सगळीच मापं एकाच प्रमाणात कमी असतील तर दोष पॅटर्नचा. एखाद्याच जाड जागी खळगा बसला असेल तर रायझर (आकसताना जादा धातू पुरवणारी साच्यातली जागा) कमी पडला. कडा गोल राहिल्या किंवा अंगावर शिवण दिसली तर धातू थंड पडला होता. मध्यावर पायरी आली असेल तर साच्याची पेटी सरकली. पहिला सोडून बाकीचे तिन्ही दोष आमचे, ते काम आम्ही विनामूल्य पुन्हा ओतून देतो. फक्त एकदा लेथ लागला की नेमकं काय झालं होतं ते कळत नाही, म्हणून आधी दाखवा.

मग द्यायचं काय? जुन्या बुशाचं माप नको. घराचा बोअर, शाफ्टचा व्यास, लांबी आणि कॉलर (टोकाची रुंद कडा) असेल तर तिचा व्यास व जाडी, एवढं मोजून आणा. शाफ्ट झिजला असेल तर आधी लेथवाल्याकडून साफ करून घ्या आणि नंतर मोजा. 60 च्या शाफ्टला 0.06 ते 0.10 मिमी मोकळीक साधारण ठेवतात, ती लेथवाला बघेल. 25 ते 120 मिमीपर्यंतच्या साध्या बुशांचे पॅटर्न आणि कोअर बॉक्स आमच्याकडे तयार आहेत, त्यांना पॅटर्नचा खर्च लागत नाही. इंपेलर किंवा वेगळ्या आकाराचा भाग असेल तर सागवानी पॅटर्न करावा लागतो, त्याचे पैसे एकदाच घेतो आणि तो तुमच्या नावाने जपून ठेवतो.

चरक बंद पडलाय, ऊस तोडून पडलाय आणि आकार वेगळा आहे, अशा वेळी जुन्या भागावर पुठ्ठा आणि लांबी (पुट्टी) चढवून, वर लाखेचा हात देऊन आम्ही काम भागवतो. एकदाच्या ओतकामाला ते चालतं. ज्याला दर वर्षी बुश लागतो त्याने हा मार्ग धरू नये.

राहता राहिलं वजन. ‘बुश दोन किलोचा, बिल पावणेतीन किलोचं कसं?’ वरचाच बुश घ्या. ओतल्यावर सुमारे 2.8 किलो भरतो, टर्निंग होऊन 1.9 उरतो. मधले 900 ग्रॅम लेथखाली पडलेले असतात, आणि ते तुमचेच आहेत. लेथवाल्याकडे सोडून येऊ नका. कीस पिशवीत भरून आणा, त्या दिवसाच्या भावाने बिलातून वजा करतो. त्यात लोखंडाचा कीस मिसळू देऊ नका, आम्ही लोहचुंबक फिरवूनच वजन करतो.

जुने पितळी नळ आणून ‘हेच वितळवून बुश करा’ असं मात्र सांगू नका. आमचं गनमेटल 85-5-5-5 चं असतं, म्हणजे तांबे 85, कथील, जस्त आणि शिसे प्रत्येकी 5. नळाच्या पितळेत जस्त कितीतरी जास्त, त्याचा बुश चरकाच्या दाबाखाली टिकत नाही. नळ भंगाराच्या भावाने घेऊ, बुश आमच्या मालाचा देऊ.

गनमेटल आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी ओततो. मापं आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचली तर साधा बुश त्याच ओतीत धरता येतो.