आयसर पुण्यातला 'परम ब्रह्म' पाहायचाय? अर्ज असा करा

पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतला 'परम ब्रह्म' हा महासंगणक सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतून २०१९ साली उभारला. सुरुवातीची कमाल क्षमता ७९७ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी. त्यावर संशोधकांची कामं रात्रंदिवस चालू असतात, त्यामुळे भेटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. ती द्यायची की नाही, हे संस्था ठरवते.

अर्ज महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्य किंवा विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यानिशी, सुविधेच्या समन्वयकांच्या नावे लिहा. महिनाभर आधी पाठवलेला बरा. शाखा, वर्ष, विद्यार्थिसंख्या सुरुवातीलाच सांगा आणि तारखा दोन-तीन द्या. एकच दिली आणि नेमकी त्या दिवशी देखभाल निघाली, तर पत्रव्यवहार पुन्हा पहिल्यापासून. 'शैक्षणिक भेट' एवढ्याच कारणावरून समोरच्याला काही कळत नाही. समांतर संगणन (एकच काम अनेक प्रोसेसरवर वाटून करणं) अभ्यासक्रमात आहे, जॉब शेड्यूलर (कामं रांगेत लावणारी प्रणाली) पाहायचा आहे, असं नेमकं लिहिलंत तर त्या विषयातला माणूस बोलायला मिळू शकतो.

सोबत विद्यार्थ्यांची यादी, शिक्षकांचे मोबाइल क्रमांक आणि बसचा क्रमांक जोडा. यादीतलं नाव ओळखपत्राप्रमाणेच हवं. आयत्या वेळी बदललेला विद्यार्थी गेटवर अडकू शकतो. गटात परदेशी नागरिक असेल तर ते अर्जातच कळवा आणि कोणती कागदपत्रं लागतील ते विचारून घ्या.

गट मोठा असेल तर दहा-बारा जणांच्या तुकड्या आधीच पाडा. रॅकमधली, म्हणजे संगणक रचलेल्या कपाटांमधली, वाट अरुंद, त्यात पंख्यांचा घोंगाट. मागे उभ्या असलेल्याला काही ऐकू येत नाही. म्हणून माहिती आत जाण्यापूर्वीच सांगण्याची विनंती करा. पाणी, खाणं, बॅगा बाहेर. फोटोची परवानगी वेगळी विचारा.

आत गेल्यावर नुसते दिवे बघून परतू नका. साध्या सीपीयू नोडमध्ये, म्हणजे महासंगणकातल्या एका सुट्या संगणकात, इंटेलचे दोन झिऑन प्रोसेसर, मिळून ४८ कोअर (आकडेमोड करणारे गाभे) आणि १९२ जीबी मेमरी असते. प्रोसेसरवर बसवलेल्या पट्ट्यांतून द्रव खेळवून उष्णता थेट तिथूनच उचलली जाते. त्या नळ्या आणि शीतनाची यंत्रणा दाखवण्याची विनंती अर्जातच घाला. या भेटीतलं सगळ्यात मोलाचं शिक्षण तिथे आहे.

भेटीच्या परवानगीत लॉगिन मिळत नाही. संशोधनासाठी खातं हवं असेल तर मार्गदर्शकांमार्फत स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्यात लागणारं सॉफ्टवेअर, कोअर-तास (किती कोअर किती तास लागतील) आणि साठवण यांचा अंदाज तयार ठेवा.