ज्युजू वॉटकिन्सनं घरचं कॉलेज निवडलं, त्यामागची पन्नास वर्षं

१५ नोव्हेंबर २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या सिएरा कॅन्यन शाळेत शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या ज्युजू वॉटकिन्सनं जाहीर केलं, की ती सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून, म्हणजे यूएससीकडून बास्केटबॉल खेळणार. तिच्या यादीत शेवटी तीनच नावं उरली होती. त्यातलं स्टॅनफर्ड २०२१चं राष्ट्रीय विजेतं, तर साउथ कॅरोलायना २०२२चं. तिसऱ्या यूएससीनं आदल्या मोसमात १२ सामने जिंकले होते आणि १६ गमावले होते. राष्ट्रीय स्पर्धेचं तोंड त्यांनी २०१४नंतर पाहिलंच नव्हतं.

देशातली पहिल्या क्रमांकाची शाळकरी खेळाडू अशा संघाकडे गेली, तेव्हा एका बाजूला जल्लोष झाला आणि दुसऱ्या बाजूला हळहळ. सतरा वर्षांच्या मुलीनं कुठल्या कॉलेजात शिकावं, यावर अनोळखी माणसांनी इतकं का गुंतावं, असा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला पडेल. आपल्याकडे कॉलेजचा संघ हा कॉलेजपुरता असतो. अमेरिकेत तो अख्ख्या शहराचा, कधी अख्ख्या राज्याचा असतो. शिवाय या खेळात एका वेळी मैदानावर पाचच जणी असतात, त्यामुळे एक मुलगी आली तर संघाची दशा पालटते.

मुलींच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. मुलगे शाळेनंतर एक वर्ष थांबले की एनबीएत, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये जाऊ शकतात. अमेरिकी मुलींना मात्र डब्ल्यूएनबीएचं, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगचं दार साधारणपणे बाविसाव्या वर्षी उघडतं. म्हणून मुलीनं कॉलेज निवडलं, की चाहते पुढची चार वर्षं तिच्या नावानं मोजू लागतात. आनंद आणि दुःख दोन्ही चौपट होतात ते यामुळे.

ही निवड मुलींच्या हाती आली, तीही फार जुनी गोष्ट नाही. १९७२मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करायला मनाई झाली. महिलांचे कॉलेज-खेळ चालवणाऱ्या तेव्हाच्या संघटनेनं १९७३पर्यंत खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायलाच बंदी घातली होती. पुरुषांच्या खेळातला भरतीचा बाजार आपल्याकडे नको, ही त्यांची भूमिका. मला ती भूमिका समजते, पण तिची किंमत मुलींनी मोजली. १९७४मध्ये अ‍ॅन मेयर्स या बास्केटबॉलपटूला लॉस एंजेलिसच्याच यूसीएलए विद्यापीठानं चार वर्षांची पूर्ण शिष्यवृत्ती दिली आणि हवा बदलली. १९८२मध्ये एनसीएए या कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेनं महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. लुइझियाना टेकनं ती जिंकली.

त्याच वर्षी रिव्हरसाइडच्या शाळेतल्या शेरिल मिलरनं एका सामन्यात १०५ गुण केले. देशभरातली कॉलेजं तिच्या मागे होती, आणि ती घराजवळच्या यूएससीत गेली. १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं यूएससीनं मिळवली. त्या संघात लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात वाढलेली सिंथिया कूपरही होती. पुढे इंगलवूडची लिसा लेस्ली आली. शाळेत असताना तिनं एका सामन्याच्या पूर्वार्धातच १०१ गुण केले होते. तिच्यासह यूएससी १९९४मध्ये शेवटच्या आठांत पोचलं, आणि मग जणू विहीर आटली.

मधल्या काळात या खेळाच्या दोन पंढऱ्या झाल्या होत्या: प्रशिक्षक पॅट समिट यांचं टेनेसी विद्यापीठ आणि प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांचं कनेक्टिकट विद्यापीठ. लॉस एंजेलिसजवळच्या चिनोमध्ये वाढलेली डायना टोरासी २०००मध्ये तीन हजार मैलांवरच्या कनेक्टिकटला गेली आणि तिथं तीन विजेतेपदं जिंकली. कॅलिफोर्नियातल्या चाहत्यांच्या तोंडचा घास गेला. २००३मध्ये इलिनॉयच्या कँडेस पार्करनं टेनेसीची निवड थेट टीव्हीवर जाहीर केली; मुलीची निवड ही बातमी असते, हे तेव्हा पडद्यावर दिसलं. माया मूर या शाळकरी खेळाडूनं कनेक्टिकट निवडल्यानंतर तर तिच्या भरतीवरून दोन्ही विद्यापीठांत इतकं बिनसलं, की २००७नंतर टेनेसीनं ही वार्षिक लढतच बंद केली. ती पुन्हा सुरू व्हायला २०२० उजाडलं. एका मुलीच्या निवडीचे पडसाद तेरा वर्षं उमटत राहिले.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती एलेना डेल डॉन. २००८ची ती पहिल्या क्रमांकाची खेळाडू. कनेक्टिकटला गेली आणि दोनच दिवसांत सामान उचलून डेलावेअरला घरी परतली. तिची थोरली बहीण लिझी हिला जन्मापासून दिसत नाही, ऐकू येत नाही; सेरेब्रल पाल्सी आहे. स्पर्श आणि गंध हीच तिची भाषा. फोनवरून जपता येईल असं ते नातं नव्हतंच. एलेनानं डेलावेअर विद्यापीठात प्रवेश घेतला, पहिल्या वर्षी चक्क व्हॉलीबॉल खेळली आणि वर्षभरानं बास्केटबॉलकडे वळली. इतकी गुणी मुलगी सोन्यासारखी संधी सोडते म्हणून अनेकांचा जीव तुटला. २०१३मध्ये तिनं त्याच डेलावेअरला राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत नेलं. लोक ज्याला माघार समजत होते, तो पूर्ण विचारानं घेतलेला निर्णय होता.

आयोवाच्या केटलिन क्लार्कनंही २०१९मध्ये घरचं आयोवा विद्यापीठ निवडलं. ऑक्टोबर २०२३मध्ये तिच्या संघाचा सराव सामना अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर भरवला गेला, तेव्हा ५५,६४६ माणसं जमली.

वॉटकिन्सची निवड या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. ती वॉट्सची. १९६५मध्ये वॉट्समधल्या कृष्णवर्णीयांच्या संतापाचा उद्रेक झाला, त्या वर्षी तिथं कामगार-वस्तीसाठी संस्था उभारणारे टेड वॉटकिन्स हे तिचे पणजोबा. तिथल्या एका बागेला त्यांचं नाव आहे. अशा घरातल्या मुलीनं शहरातच राहायचं ठरवलं, तेव्हा यूएससीच्या जुन्या चाहत्यांना मिलर आणि लेस्लीचे दिवस आठवले नसते तरच नवल.

पुढे जे घडलं त्यानं हळहळणाऱ्यांनाही उत्तर मिळालं. पहिल्याच मोसमात तिनं ९२० गुण केले, पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठी हा विक्रम होता. फेब्रुवारी २०२४मध्ये, तिनं नाकारलेल्या स्टॅनफर्डच्याच मैदानावर, तिनं ५१ गुण केले आणि यूएससी जिंकलं. त्या वर्षी संघ तीस वर्षांनी शेवटच्या आठांत पोचला.

आता नियम बदलले आहेत. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, कॉलेज बदलणंही सोपं झालं आहे. २०२२ला स्टॅनफर्डला गेलेली लॉरेन बेट्स वर्षभरात यूसीएलएत आली. चार वर्षांचा भरवसा उरला नाही, तरी निवडीच्या दिवसाची धाकधूक काही ओसरलेली नाही.

२४ मार्च २०२५ रोजी घरच्याच गेलन सेंटरमध्ये, राष्ट्रीय स्पर्धेच्या सामन्यात वॉटकिन्सच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू ठरूनही पुढच्या मोसमात तिला बाहेर बसावं लागलं. त्याआधीच, नोव्हेंबर २०२४मध्ये, त्या वर्षी देशभरात शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेल्या अव्वल खेळाडूंपैकी एक असलेल्या जॅझी डेव्हिडसननं यूएससीची निवड केली होती. ती ओरेगन या दुसऱ्या राज्यातली.