वारा, गाणं आणि मागून येणारा टेम्पो

सायकल जरा वेगात असताना मान एकदम उजवीकडे वळवून बघा. डाव्या, वाऱ्याकडे झालेल्या कानातला घोंघाट एकदम उतरतो. मान सरळ केली की पुन्हा सुरू. हा आवाज आपल्या कानापाशीच तयार होतो. समोरून येणारी हवा गालावरून घसरत कानाशी येते, तिथल्या खाचाखोचांत अडखळते, तिचे भोवरे होतात आणि त्या भोवऱ्यांचा दाब कानाच्या पडद्यावर आपटत राहतो.

सायकलवर कोणते हेडफोन घालावेत, असं कुणी विचारलं की मी आधी या वाऱ्याबद्दल बोलतो. दुकानात हेडफोन लावून बघतो तेव्हा वारा नसतो, आणि सगळी गफलत तिथेच होते.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी कानाशी मायक्रोफोन बसवून वाऱ्याच्या बोगद्यात हा आवाज मोजला होता. ताशी १६ किलोमीटरच्या वाऱ्याला तो सुमारे ८५ डेसिबल भरला, आणि ताशी ९६ किलोमीटरला १२० डेसिबल. म्हणजे वेग दुप्पट झाला की साधारण १३-१४ डेसिबलची भर. ताशी १६ म्हणजे आपण गप्पा मारत सायकल चालवतो तो वेग. कात्रजच्या जुन्या घाटातून पुण्याकडे उतरताना काटा सहज चाळिसाला टेकतो. तिथे याच हिशेबाने आकडा शंभराच्या आसपास जातो. हा घरघराट बहुतांशी खालच्या पट्टीतला असतो आणि खालची पट्टी आपल्या कानाला जरा कमीच जाणवते, म्हणून तो शंभर डेसिबलइतका भयंकर वाटत नाही. पण गाणं त्यात बुडतं, आणि अंगठा आपसूक आवाज वाढवायच्या बटणावर जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल तर ८० डेसिबल ही मर्यादा; पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९२ डेसिबलला आठवड्याचे अडीच तासच उरतात. खडकवासल्याच्या बाजूला रविवारी एक लांब फेरी मारली की ते संपले.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे रबरी बोंडाचे, कानात घट्ट बसणारे इअरबड. वारा बाहेर, गाणं आत. नॉइज कॅन्सलेशन असेल तर बाहेरच्या लहरीच्या बरोबर उलटी लहर सोडून खालच्या पट्टीतला आवाज आणखी मारला जातो. ही कल्पना नवी नाही, पॉल ल्यूग नावाच्या जर्मन संशोधकाला तिचं अमेरिकी पेटंट १९३६ सालीच मिळालं होतं. विमानात ती वरदान आहे. सायकलवर मात्र टेम्पोच्या इंजिनाची घरघरही याच खालच्या पट्टीत असते, आणि यंत्राला वारा कुठला आणि टेम्पो कुठला हे कळत नाही.

नेदरलँड्समध्ये सायकल हे रोजचं वाहन, त्यामुळे तिथे हे नीट तपासलं गेलं. ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २५ जणांना गाणी ऐकत सायकल चालवायला लावली आणि मधेच थांबण्यासाठी मोठा आवाज दिला. कानात घट्ट बसणारे इअरबड असताना ६८ टक्के वेळा तो आवाज ऐकूच गेला नाही. एकाच कानात साधा, सैल बसणारा इअरफोन असताना मात्र काहीच न लावल्याइतकंच ऐकू आलं.

‘हॉर्न ऐकू येतो की!’ हे घट्ट इअरबडवाल्यांचं ठरलेलं उत्तर. येत असेल, आपल्याकडचे हॉर्न तर मेलेल्यालाही ऐकू येतील. पण सायकलवाला जगतो तो हॉर्नच्या आधीच्या बारीक आवाजांवर. मागच्या टेम्पोने गिअर खाली टाकला की तो आता बाजूने काढणार हे कळतं. ओल्या डांबरावरून येणाऱ्या टायरचा ‘सुर्रर्र’ आवाज गाडी दिसायच्या कितीतरी आधी पोचतो. आवाज हळूहळू वाढत जाणं हा मेंदूसाठी खास इशारा असतो. जॉन न्यूहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९९८ साली दाखवलं की तेवढ्याच प्रमाणात कमी होणाऱ्या आवाजापेक्षा वाढत जाणारा आवाज आपल्याला जास्त बदलल्यासारखा वाटतो. जवळ येणाऱ्या गोष्टीबाबत मेंदू जरा जास्तच घाबरट आहे, आणि ते बरंच आहे.

आकडेमोड करून बघू. तुम्ही ताशी २०ने, मागची गाडी ताशी ६०ने. ती सेकंदाला ११ मीटरने तुमच्या जवळ येते. तिची चाहूल ५० मीटरवर लागली तर साडेचार सेकंद हातात, २० मीटरवर लागली तर दोनसुद्धा नाहीत. शिवाय ती कुठल्या बाजूने येते आहे, हेही कळायला हवं. आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा दोनतृतीयांश असतो, आणि मेंदू सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकाही फरक ओळखतो. वरच्या पट्टीत डोक्याची सावली पडते, म्हणून पलीकडच्या कानाला आवाज हळू येतो. हे दोन्ही हिशेब लॉर्ड रेले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ साली मांडले. पुढून की मागून, हे मात्र मुख्यतः बाहेरच्या कानाच्या घड्या ठरवतात. तिथे रबर कोंबलं की त्या घड्यांचं काम संपलं.

डच प्रयोगात एक कान मोकळा ठेवल्यावर निकाल चांगला लागला खरा, पण तिथे मुद्दा आवाज ऐकू येण्याचा होता. बाजू ओळखायला दोन कानांची तुलना लागते. एका कानात बोंड घट्ट बसवलं तर सगळं जग मोकळ्या कानाकडे सरकल्यासारखं वाटतं. म्हणून एकच लावायचा तर तोही सैल बसणारा असावा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दोन्ही कान झाकायला मनाई आहे, एक चालतो. फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून सायकलस्वारांनाही कानात इअरफोन घालायला बंदी केली; दंड १३५ युरो.

सायकलवाल्यांच्या टोळ्यांत हल्ली बोन कंडक्शनची चलती आहे. कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर दोन गोट्या टेकतात. त्या थरथरतात, कवटी ती थरथर आतल्या कानातल्या शंखासारख्या कर्णावर्तापर्यंत नेते. कानाचं भोक पूर्ण मोकळं. नवल वाटत असेल तर दोन्ही कानांत बोटं घालून भाजलेला पापड खा. जो धडाका ऐकू येईल तो बराचसा हाडांतून आलेला असतो. रेकॉर्ड केलेला आपला आवाज पिचका वाटतो, त्याचंही एक मोठं कारण हेच: त्यात हाडांतून येणारा भाग नसतो.

मीही ते वापरतो, पण त्याभोवती जे चमत्काराचं वलय आहे ते मला पटत नाही. गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने (नोबेल १९६१) तीसच्या दशकात एक सुंदर प्रयोग केला. एकच सूर त्याने हाडातून आणि हवेतून एकाच वेळी दिला, आणि हवेतल्या सुराची तीव्रता व वेळ अशी जुळवली की दोघांनी एकमेकांना पुसून टाकलं. ऐकणाऱ्याला शांतता! म्हणजे वाटा दोन असल्या तरी त्या एकाच कर्णावर्तात पोचतात. तिथे गाणं जोरात वाजत असेल तर ते टायरचा ‘सुर्रर्र’ तसाच झाकणार, मग ते गालाच्या हाडातून का आलेलं असेना. मोकळं भोक ही अर्धीच सोय आहे. उरलेली अर्धी आवाजाच्या बटणात आहे. त्यात या उपकरणांना ढोलकीचा घुमारा जमत नाही, म्हणून लोक आवाज वाढवतात, आणि मग गालाला गुदगुल्या होतात पण घुमारा काही येत नाही.

कानावर क्लिपसारखे अडकणारे, भोक न झाकणारे छोटे स्पीकरही मिळतात. सपाटीवर, कमी वेगात ते गोड वाजतात. वारा वाढला की गाणं उडून जातं, कारण त्यांचा आवाज हवेतूनच जातो. बाहेरचं ऐकवणारा ‘ट्रान्सपरन्सी’ मोडही वाऱ्यापुढे बिचकतो. मायक्रोफोनवर आदळणारा वारा काही वेळा आणखी मोठा होऊन कानात येतो.

घेताना हेल्मेट आणि गॉगल दुकानात घेऊन जा. मानेमागची पट्टी हेल्मेटच्या मागच्या चक्रीला अडते का, वर बघताना गोट्या गालावरून सरकतात का, गॉगलची काडी आणि हुक एकाच जागेसाठी भांडतात का, हे बघा. माझ्या पहिल्या जोडीची पट्टी रेनकोटच्या कॉलरवर टेकायची आणि मान वळवली की दोन्ही गोट्या हवेत. पावसात चालवणार असाल तर आयपीएक्स-४ किंवा वरचा दर्जा हवा. चार म्हणजे सगळ्या दिशांनी उडणारं पाणी सोसणारा.

इलेक्ट्रिक गाड्यांनी हिशेब आणखी अवघड केला आहे. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या इलेक्ट्रिक मोटारींच्या मॉडेलना ताशी २० किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज करावा लागतो. आपल्या गल्लीत पिझ्झा घेऊन येणारी इलेक्ट्रिक स्कूटर मात्र मांजरासारखी येते, आणि तेव्हा टायरच्या आवाजाशिवाय काहीच आधार नसतो.

आवाज किती ठेवायचा यासाठी मी मोबाइलवरचे आकडे बघत नाही. सपाट रस्त्यावर, रोजच्या वेगात पॅडल मारायचं थांबतो. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलची टरटर गाण्यातून स्वच्छ ऐकू आली तर ठीक, नाहीतर थांबून आवाज दोन पायऱ्या खाली. उतारावर वाऱ्यामुळे ती ऐकूच येत नाही, म्हणून घाटाच्या तोंडाशी गाणं बंद. गेल्या महिन्यात हीच चाचणी करताना टरटरीच्या मागे एक बारीक टिक-टिक लागली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. उतरून बघितलं, तर मागचा एक स्पोक सैल होता.